शिक्का बसलेली तिकिटं

आमच्यात गोळा करणं हा छंद नव्हता. गोळा करणं ही पाळी होती. ज्या घरावर येसकरकीची पाळी आली, त्या घरच्या गड्यानं हातात काठी घ्यायची, खांद्यावर घोंगडं टाकायचं आणि दिवेलागणीला गावात दारोदार भाकर गोळा करत फिरायचं. उंबऱ्याच्या आत पाय नाही. वरून टाकतील ते झेलायचं. शिळी, चतकोर, आंबलेली, जी मिळेल ती. सुगी झाली की खळ्यावरचं मातेरं गोळा करायचं, म्हणजे मातीत मिसळलेले दाणे. जनावर मेलं की ते ओढून न्यायचं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही नुसतं गोळाच करत आलो. पण संग्रह म्हणून घरात काय? काही नाही. संध्याकाळी गोळा केलेलं सकाळपर्यंत संपायचं.

बाबासाहेबांनी सांगितलं, हे सोडा. माझ्या आज्यानं सोडलं. काठी चुलीत घातली. त्यामुळं आमच्या घरात 'गोळा करणं' हा शब्दच बाटलेला होता. १९७७ च्या सुमाराला, आठ-नऊ वर्षांचा असताना, मी टपालाची तिकिटं गोळा करायला लागलो तेव्हा आज्याच्या कपाळाला आठी पडली.

"काय गोळा करतंय रं ह्ये पोरगं? आमी टाकलं, ह्यानं उचललं?"

मी म्हणालो, "बाबा, ही भाकर न्हाय. ही तिकिटं हैत."

"मंग त्यानं पोट भरतंय का?"

"न्हाय."

"मंग गोळा कशापायी करतूस?"

याचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही. पुढं माझी पोरं मोठी झाली, ती वही त्यांच्या पुढ्यात ठेवली, तेव्हा कुठं उत्तराचं एक टोक हाताला लागलं. तेच इथं मांडतो.

आमचं गाव निघोजे. तालुका खेड. इंद्रायणीच्या काठावर. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. संतांच्या मधोमध आम्ही, तरी पाणवठा वेगळाच. आज निघोजे म्हटलं की मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढं येतात. माझ्या लहानपणी बाजरी, कांदा आणि चाकणचा बाजार, एवढंच होतं. बौद्धवाड्यात वाचता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. त्यातली बरीचशी कामाला मुंबईला, नाहीतर मिलिटरीत. मागं राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आलेलं पत्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. वाचनाची मजुरी काय? तर पाकिटावरचं तिकीट. "वाच बाबा, आन्‌ घे तुझं तिकीट." हा सौदा मीच ठरवला होता. आमच्या घराण्यात कामाची मजुरी आधी ठरवून घेणारा मी पहिलाच.

पण सगळ्या पत्रांवर तिकीट नसायचं. पोस्टकार्डावर छापील असायचं. ते कापलं की मागचा मजकूरही कापला जायचा, आणि कापलेल्या तुकड्यात नेमकं 'पैसे पाठवतो' यातलं 'पैसे' निघून यायचं. म्हणून पोस्टकार्डाला हात लावायचा नाही, असा नियम मी केला. मिलिटरीतल्या पत्रावर 'मार्फत ५६ एपीओ' एवढाच पत्ता आणि गोल शिक्का. माणूस कुठल्या बर्फात उभा आहे त्याचा पत्ताच नाही. कोणी 'ता. खेड' लिहायला विसरला की पत्र निघोजेऐवजी तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पारनेरच्या निघोजला जाऊन यायचं. त्यावर एक शिक्का जास्तीचा. तसलं पाकीट मला फार आवडायचं. जास्त हिंडून आलेलं.

माझी आत्या पिंपरीला एका कंपनीच्या कचेरीत झाडलोट करायची. तिथल्या कचऱ्याच्या टोपलीतली पाकिटं ती ओच्यात घालून आणायची. जपानचं तिकीट, पश्चिम जर्मनीचं तिकीट. अक्षरं वाचता यायची नाहीत. जगाचा नकाशा मला शाळेनं दाखवला नाही. तो मला आत्यानं कचऱ्यातून वेचून आणून दिला.

तिकीट काढायची रीत अशी. पाकिटाचा तेवढा कोपरा कापायचा. वाटीत पाणी घेऊन त्यात तो तिकिटाची बाजू वर ठेवून सोडायचा. अर्ध्या तासानं डिंक विरघळतो, तिकीट आपोआप सुटतं. ओढायचं नाही. ओढलं की पातळ होतं, फाटतं. मग वर्तमानपत्रावर पालथं वाळवायचं, आणि वाळलं की जाड पुस्तकाखाली दाबून ठेवायचं. आमच्याकडं जाड पुस्तक एकच, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. त्याखाली दाबायला आई नको म्हणायची, म्हणून मी पाट वापरायचो. वहीत लावताना बाभळीच्या डिंकाचा ठिपका वरच्या कडेला एकच. म्हणजे उचलून पाठ बघता येते.

त्या वहीत आलेलं पहिलं ओळखीचं तोंड जोतिबांचं. २८ नोव्हेंबर १९७७ ला निघालेलं २५ पैशांचं तिकीट. मुंबईच्या पत्रावर आलं होतं. मी वाडाभर नाचलो. तेव्हा कोणीतरी म्हणालं, वरल्या अंगाच्या म्हातारीकडं बाबासाहेबांचं तिकीट आहे.

म्हातारी एकटी राहायची. तिच्या खोपटात आढ्याला एक वाकवलेली तार लटकायची, आणि आलेलं प्रत्येक पत्र ती त्या तारेला टोचून ठेवायची. वाचता एक अक्षर येत नव्हतं. पण एक कागद तिनं टाकला नव्हता. बाबासाहेबांचं तिकीट त्या तारेवर नव्हतं. १९७३ च्या १४ एप्रिलला निघालेलं २० पैशांचं ते तिकीट तिनं पाकिटासकट भिंतीवर, बुद्धाच्या चित्राशेजारी लावलं होतं. मी मागितलं. तिनं दिलं नाही. उलट मलाच विचारलं.

"तू शिकलेला हायस. मला सांग, माझ्या बाबाच्या तोंडाला काळं कुनी फासलं?"

पोस्टाचा शिक्का नेमका चेहऱ्यावर बसला होता.

मी समजावून सांगायला गेलो. हा शिक्का आहे, तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून सगळ्याच तिकिटांवर मारतात, गांधींच्याही तोंडावर मारतात. तिनं ऐकलं नाही. "मी पाह्यलंय त्यास्नी देहूरोडला. असं तोंड नव्हतं त्यांचं." खरंच पाहिलं होतं. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा ती निघोज्यातून पायी गेली होती. त्या चेहऱ्याची ती साक्षीदार होती, आणि शिक्का त्या साक्षीच्या आड येत होता. ती रोज पदराचं टोक ओलं करून तो शिक्का पुसायची. शिक्क्याची शाई कसली जाते? कागद मात्र विरत गेला.

माझ्या आज्याचा राग पुढं एका दुपारी निवळला. मी तिकिटं वाळत घातली होती. तो शेजारी बसून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ह्ये लावत्यात कशाला?"

"पैसे दिल्याची खूण."

"कुनाला दिल्याची?"

"पत्र नेणाऱ्याला. सरकारला."

आजा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मी मैताचे सांगावे घिऊन गेलोय. खेडला गेलोय, घोडेगावला गेलोय. उन्हातान्हात, रातीबेराती. गावचा सारा डोक्यावर घिऊन तालुक्याला गेलोय. माझ्या कपाळाला कुनी तिकीट लावलं न्हाय."

दोस्तांनो, मी तेव्हा लहान होतो. हे वाक्य कळायला मला चाळीस वर्षं लागली.

१ ऑक्टोबर १८५४ पासून इंग्रजानं सगळ्या हिंदुस्थानात टपालाचा एकच दर लावला. पाव तोळ्याचं पत्र अर्ध्या आण्यात, कुठूनही कुठंही. याचा अर्थ काय? निरोप वाहून नेण्याला किंमत आहे, ती आधी मोजली पाहिजे, आणि मोजल्याची पावती पाकिटावर डकवलेली पाहिजे. आणि त्याच राज्यात, त्याच गावात, महार सरकारचाच निरोप आणि सरकारचाच पैसा वाहत होता. त्याला काय? वतनी जमिनीचा तुकडा, बलुत्याच्या पेंढ्या आणि पाळीची भाकर. कामाला वेळ नाही, काळ नाही. स्वतः आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. १८७४ च्या वतन कायद्यानं ही व्यवस्था कागदावर पक्की केली. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात हा कायदा दुरुस्त करायचं विधेयक आणलं. ते तेव्हा पार पडलं नाही. महारकीचं वतन कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडलं. बाबासाहेब जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

तिकीट म्हणजे वाहण्याची मजुरी चुकती झाल्याची पावती. माझा आजा जन्मभर टपाल होता, आणि त्याच्या नावावर पावती एकही नाही. मी पोरपणी न कळता पावत्या गोळा करत होतो.

आता पोरांचं सांगतो. थोरला आज चोविशीत आहे, धाकटी सतरा वर्षांची. थोरला दहा वर्षांचा झाला तेव्हा मी ट्रंकेतून वही काढली. तोवर वरल्या अंगाची म्हातारी केव्हाच गेली होती, आणि तिच्या सुनेनं ती तार आणि ते भिंतीवरचं पाकीट माझ्याकडं आणून दिलं होतं. तिकिटाचा मधला भाग पुसून पुसून पांढरा पडलेला. शिक्का थोडा उरलेला, चेहराही थोडाच उरलेला. जाणकार संग्राहक असलं तिकीट फेकून देईल. मी ते पहिल्या पानावर लावलं.

थोरल्यानं वही चाळली. म्हणाला, "पप्पा, ही विकली तर किती येतील?"

मी म्हणालो, "फार नाही. ही लाखांनी छापलेली तिकिटं. कुणाच्याही घरात सापडतील."

"मग ठेवायची कशाला?"

आज्याचाच प्रश्न, फक्त भाकरीच्या जागी रुपये. मला राग आला नाही. ज्याच्या वाट्याला शेत नाही, घर नाही, त्यानं भाव विचारू नये तर कुणी विचारावा? छंद ही पोट भरलेल्याची चीज आहे, असं त्याला वाटलं तर त्यात त्याचं काय चुकलं? तो वही सोडून खेळायला गेला.

धाकटी वेगळ्या वाटेनं आली. तिनं आधी तिकिटं पाहिलीच नाहीत, तारखा पाहिल्या. एका सुट्टीत कागद-पेन घेऊन बसली.

"पप्पा, गांधीजी कधी गेले?"

"३० जानेवारी १९४८."

"आणि तिकीट?"

"१५ ऑगस्ट १९४८."

"साडेसहा महिने." तिनं लिहिलं. "बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६. पहिलं तिकीट?"

"१४ एप्रिल १९६६. पंधरा पैशांचं. ते माझ्याकडं नाही."

"नऊ वर्षं चार महिने. जोतिबा २८ नोव्हेंबर १८९०, तिकीट १९७७. सत्त्याऐंशी वर्षं. सावित्रीबाई १० मार्च १८९७, तिकीट १० मार्च १९९८. एकशे एक वर्षं!"

थोरला तोवर मोबाइलमधून डोकं वर काढून ऐकत होता. तो म्हणाला, "असं कसं धरतेस? इंग्रजांच्या तिकिटावर राणी नाहीतर राजा. तिथं जोतिबा कुठून येणार? सत्तेचाळीसपासून मोज."

बरोबर होतं त्याचं. तिनं पुन्हा मोजलं. जोतिबा तीस वर्षं. सावित्रीबाई पन्नासाच्या वर. म्हणजे स्वातंत्र्य पन्नाशीला आलं तरी पहिली मास्तरीण तिकिटाच्या रांगेतच उभी होती. "बाईला सगळ्यात जास्त थांबवलं," धाकटी म्हणाली, आणि तो कागद वहीत ठेवून दिला. वहीत तिकिटाशिवाय आलेला तो पहिला कागद.

मला वाटलं, पोरीला गोडी लागली. पुण्याच्या मोठ्या पोस्टातून तिच्यासाठी बाबासाहेबांचं कोरं तिकीट विकत आणलं. ६ डिसेंबर २०१५ ला निघालेलं बाबासाहेबांचं दहा रुपयांचं नाणंही मिळवलं. तिनं नाणं ठेवलं, तिकीट मात्र उलटंपालटं करून परत दिलं.

"याच्यावर शिक्का नाही."

"कोरं आहे. कोऱ्याला जास्त मान असतो."

"पण हे कुठं गेलंच नाही ना पप्पा. पोस्टातून आपल्या घरी आलं, तेही तुमच्या खिशातून."

म्हातारी जो शिक्का पुसत होती, तोच या पोरीला हवा होता. मी दोघींना बरोबर म्हणेन. म्हातारीनं तो चेहरा डोळ्यांनी पाहिला होता, तिला त्यावर डाग नको होता. पोरीनं तो फोटोतच पाहिला आहे. तिला तो चेहरा कामाला गेलेला पाहिजे.

पण शिक्क्याची तिकिटं आणायची कुठून? आता निघोज्यात पत्र कोण पाठवतं? येतं ते कुरिअर, नाहीतर बँकेचं छापील पाकीट, त्यावर काळ्या रेघांची चिकटपट्टी. २०२५ साली रजिस्टर पत्रसुद्धा स्पीड पोस्टात विलीन झालं. माझा छंद माझ्या पोरांना जसाच्या तसा देता येणार नाही, हे मला दिसत होतं. ज्या नदीत मी पोहायला शिकलो त्या इंद्रायणीवर आता फेस तरंगतो. तसंच हे.

एक दिवस पाहतो तर पोरीनं बुटाच्या खोक्यात भलतंच काही साठवायला घेतलेलं. थोरल्याचे गेट पास.

इथं गावाचं थोडं सांगितलं पाहिजे. चाकण एमआयडीसीचे तिसरा आणि चौथा टप्पा आमच्या निघोज्याच्या शिवारापर्यंत आले. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राचा आला. ज्या जर्मनीचं तिकीट आत्या कचऱ्यातून आणायची, ती जर्मनी दाराशी आली. या मोठ्यांच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लहान कंपन्या. थोरला अशाच एका लहान कंपनीत, ठेकेदाराकडून. नाव सांगत नाही, कारण नावानं काही फरक पडत नाही.

चार वर्षांत तो एकाच शेडमध्ये, एकाच मशीनवर उभा राहिला. पास सहा. ठेकेदार चार. प्रत्येक पासवर फोटो तोच, ठेकेदाराचं नाव वेगळं, खाली 'पासून' आणि 'पर्यंत'. सात महिने, मग मध्ये काही दिवस कोरे. पुन्हा सात महिने. वर्षात २४० दिवस भरले की कामगार सलग नोकरीचा दावा करू शकतो, हे कामगार कायद्यातलं जुनं गणित. तो आकडा भरू द्यायचा नाही, हा ठेकेदारीतला जुना डाव. थोरल्याला हे माहीत नव्हतं असं नाही. पण सहा कार्डं ओळीनं मांडल्यावर ते दिसलं. एकेक पास हातात असताना तो नुसता गेट उघडायचा कागद असतो.

त्यातही एक मेख. नवा पास घ्यायचा तर जुना जमा करावा लागतो, त्याशिवाय मागचा हिशेब मिळत नाही. म्हणजे काम केल्याची खूण काम संपताच परत घेतात. आज्याला पावती दिलीच नाही. नातवाच्या पोराला देतात, आणि काढून घेतात. पोरीच्या खोक्यातले खरे पास दोनच होते, बाकी सगळ्या झेरॉक्स. पास जमा करायच्या आदल्या दिवशी ती भावाच्या मागं लागून झेरॉक्स काढून आणायची. थोरला म्हणायचा, "येडी हाय ही, कचरा जमवती." मी काही बोललो नाही. मी तिला फक्त बाभळीचा डिंक दाखवला. वरच्या कडेला एकच ठिपका, म्हणजे पाठ बघता येते. पासाच्या पाठीवरच तर अटी छापलेल्या असतात.

हळूहळू आसपासच्या खोल्यांतली पोरं तिच्याकडं यायला लागली. परभणीची, लातूरची, नांदेडची, बिहारची. "ताई, उद्या पास देनाय, जरा काढून ठेव." तिनं वहीत रकाने आखले. तारीख. ठेकेदार. खातं. कोरे दिवस. पाळी किती तासांची. हा शेवटचा रकाना पाहून मी तिला सांगितलं की बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. तिनं ते 'तास' या रकान्याच्या डोक्यावर लिहून ठेवलं. खाली पोरांनी सांगितलेले आकडे लिहिले. ते अठ्ठेचाळीसशी जुळत नव्हते.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या खोलीतल्या परभणीकडच्या पोराची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. जयभीमवालाच. घरात कमावता तो एकटा. दवाखान्यात नेईस्तोवर त्याचा पास कोणीतरी 'जमा' करून घेतला होता. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "हा महिन्यापूर्वीच काम सोडून गेलाय. आमच्याकडं नव्हताच."

आमच्या वस्तीतले चार कार्यकर्ते गेले, मी गेलो, आणि पोरगी वही घेऊन आली. तिनं पान उघडलं. पासाची झेरॉक्स, 'पर्यंत'ची तारीख अपघाताच्या पुढची. खाली तिच्या अक्षरात ती कधी काढली त्याची नोंद, आणि दुकानदाराची दोन रुपयांची पावती त्याच ठिपक्यानं डकवलेली. तो माणूस बराच वेळ त्या पानाकडं पाहत राहिला. बोटं परत आली नाहीत. पण 'आमच्याकडं नव्हताच' हे वाक्य त्याला मागं घ्यावं लागलं, आणि ई.एस.आय.चे कागद पुढं सरकले. त्या रात्री थोरल्यानं स्वतःहून आपला चालू पास काढून बहिणीसमोर ठेवला. "याची पण काढून ठेव."

दोस्तांनो, तुम्ही मोर्चे काढता, घोषणा देता, कविता लिहिता. ते हवंच. पण कागद कोण ठेवतं? आपल्यात कागद ठेवणाऱ्या माणसांना आपण फार ओळखत नाही. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांची पत्रं, आठवणी, कात्रणं जन्मभर जमवली, त्यातून चरित्राचे बारा खंड झाले. वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या, त्या नागपूरजवळ चिचोलीला आजही पाहता येतात. वसंत मून यांनी बाबासाहेबांचे कागद खणून काढले, आणि १९७९ पासून सरकारच्या वतीनं 'लेखन आणि भाषणे'चे खंड यायला लागले. १९८७ च्या चौथ्या खंडातल्या 'रिडल्स'वरून महाराष्ट्र ढवळून निघाला, लाखोंनी लोक मुंबईत रस्त्यावर उतरले. तो मजकूर बाबासाहेबांच्या हयातीत छापलाच गेला नव्हता. हस्तलिखितं टिकली म्हणून तो लोकांपुढं आला. ती रद्दीत गेली असती तर कशावरून मोर्चा काढला असता?

खुद्द बाबासाहेबांनी हे सोसलं होतं. १९१७ साली ते परत निघाले तेव्हा त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीनं येत होती. महायुद्धात ती बोट बुडवली गेली आणि पुस्तकं समुद्रात गेली. त्यांनी पुन्हा जमवायला सुरुवात केली, आणि दादरला घर बांधलं ते पुस्तकं मावतील असं. ज्यांच्या बापजाद्यांना सकाळचं संध्याकाळपर्यंत ठेवायची सोय नव्हती, त्यातल्या एकानं आयुष्यभर साठवलं, आणि स्वतःसाठी नव्हे.

म्हणून आपापल्या पोरांना काहीतरी जमवायला लावा. तिकिटंच पाहिजेत असं नाही. जयंतीच्या पावत्या जमवा, मोर्चाची पत्रकं जमवा, पगाराच्या चिठ्ठ्या जमवा. प्रत्येकावर तारीख घाला, कुठून मिळालं ते लिहा. मोबाइलमध्ये फोटो काढून थांबू नका, मोबाइल फुटतो. कागद उन्हात ठेवू नका, ओल लागू देऊ नका. आणि पोरांनी तुमच्यासारखंच जमवावं असा हट्ट धरू नका. हा अंकसुद्धा वाचून झाला की भजी गुंडाळायला देऊ नका, तारेला टोचून ठेवा.

माझ्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर मी चौथीत असताना वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'माझा संग्रह'. धाकटीनं वहीची मागची कोरी पानं आता पासांनी भरत आणली आहेत. परवा तिनं पुठ्ठ्यावरचा 'माझा' खोडून 'आमचा' केला, आणि नवी वही आणायला माझ्याकडं चाळीस रुपये मागितले. दिले. दुकानातून येताना वहीची पावती घेऊन आली.

जयभीम.